आगरातले दोन फोन

यतेश बोटीवरून आला तेव्हा
काळ्या खोक्यातून काढून त्यानं तो माझ्या हातावर ठेवला.
ओल्या पाटीसारखा थंड,
वजनाला मध्यम बांगड्याएवढा.
किंमत सांगितली नाही.
द्वारकेनं त्याच्या बॅगेतली पावती वाचली
आणि दोन दिवस ती फोनशी अदबीनं वागली,
त्याच्यासमोर कोणाला शिव्या देईना.

माझा जुना, सात वर्षांचा.
म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून, सहा हजारांना,
वर कव्हर फुकट. कव्हर कधीच गेलं,
आता दुधाच्या पिशवीत, रबर लावून, खिशात.
चार्जिंगच्या भोकात मीठ साचतं,
ते दर रविवारी टाचणीनं काढतो, कान कोरावा तसं.
स्पीकरमधून सगळी माणसं
मडक्यात तोंड घालून बोलतात.

नव्याला यतेशनं माझी दहाही बोटं दाखवली.
एकही पटेना.
'पुन्हा प्रयत्न करा.' अंगठा पुसला, पुन्हा केला.
चाळीस हंगाम मीठ ओढून रेषा गेल्यात,
हे पेडण्याच्या कचेरीत आधारच्या वेळीच कळलं होतं,
पण तिथल्या मुलीनं निदान मान वर करून बघितलं होतं.
मग चेहरा.
चेहरा चालतो. फक्त टोपी काढायची, घाम पुसायचा
आणि भर बाराला मिठासमोर डोळे उघडे ठेवायचे,
जे मला अजून जमलेलं नाही.
जुन्यावर बोटानं एक वाकडा चार काढतो,
तो उघडतो. कोण आहेस विचारत नाही.

पण खोटं कशाला बोलू, फोटो बघून मी गप्प झालो.
शापोऱ्याच्या पाण्यावरचा बगळा, पीस न पीस.
रात्रीचा बांध दिवसासारखा.
आणि मिठाच्या राशीचा काढला तर
एकेक खडा, चौकोनी, कोपऱ्यासकट,
खड्याखड्यात आमच्या तळाचा चिखल,
काळसर, बारीक, असतो तसा.
असं मीठ मी कधी पाहिलं नव्हतं.
माझ्याच हातचं.

तोच फोटो बेळगावला इरगोंडाला पाठवला.
दहा मिनिटांत त्याचा आवाज आला,
'काका, यंदा माल मळका दिसतोय.
पोत्यामागं चाळीस कमी करा.'
सात वर्षं हाच माणूस
जुन्या फोनचे फोटो बघत आला, ज्यात
मीठ म्हणजे नुसता उजेड,
रास कुठे संपते, आभाळ कुठे लागतं,
मलासुद्धा सांगता यायचं नाही.
'साबण लावता काय हो?' एवढंच विचारायचा.

यतेश म्हणाला, बाबा, ह्यात चिखल पुसता येतो.
दाखवलंही. बोट फिरवलं, चिखल गेला.
अजून फिरवलं तर मागे वाकलेली द्वारका गेली,
तिच्या जागी बांध, पाणी,
आणि कोणाचीच नसलेली एक सावली.
'काय चाललंय रे?' ती पलीकडून ओरडली.
'काही नाही,' दोघंही म्हणालो
आणि तिला परत आणलं.

दुसऱ्या दिवशी इरगोंडाला जुन्यावरून पाठवला.
चाळीसचे वीस झाले.
ह्याला फसवणूक म्हणायचं तर म्हणा.
जुना खोटं बोलत नाही, त्याला दिसतच नाही,
आणि चष्म्याशिवाय मलाही साधारण तेवढंच दिसतं.

यतेश गेला परवा.
रात्री नव्यावर दिसतो, कुठल्याशा समुद्रात,
इतका स्वच्छ की काल त्याच्या दाढीत
एक पांढरा केस दिसला.
द्वारकेला मी हाक मारली नाही.

आता दोन्ही आगरात येतात.
दुपारी जुन्याची बॅटरी मरते,
मग नव्याच्या तोंडाला वायर लावून
दुसरं टोक जुन्याला देतो.
चार टक्के. पाच.
टोपी दोघांवर पालथी घालतो
आणि उघड्या डोक्यानं
उरलेली रास ओढायला जातो.