पट्टी

उन्हाळी धान विकायच्या आत उरकायचं होतं.
कट्टे छतापर्यंत रचलेले आहेत तोवर
ही खोली मुकी आहे. टाळी वाजवली
तर पोत्यांतच जिरते, परत येत नाही.
शहरात यासाठी भिंतींना फोम लावतात म्हणे.
आमच्याकडे एकशे अकरा कट्टे, बारीक धानाचे.

पहिली पट्टी माझी. ऑर्गन, काळी दोन.
होळीनंतर नाटकं थांबली, तेव्हापासून
तो बाजेवर चादर घेऊन निजला होता.
दिराचा लॅपटॉप, मोजा घातलेला माइक,
फुकटचं सॉफ्टवेअर. उघडलं की आधी विचारतं,
विकत घेता का? मी दाबते: नंतर.
नुसता सूर धरून ठेवला,
पडदा वर जायच्या आधी धरतात तसा.
हिरवी रेघ धावत गेली,
पोटरीवर आलेल्या धानासारखी फुगत.

फागोजी गहाणे सकाळी आले. चहा झाल्यावर
खिशातून कवळी काढून बसवली,
क्लॅरिओनेटची पत्ती जिभेवर ओली केली.
मी त्यांच्या कानात टिकटिक सोडली.
त्यांनी हेडफोन काढला, आत डोकावून पाहिलं.
"हा कोन टिकटिक करते वो बाई?"
मशीन आहे काका, ताल सुटू नये म्हणून.
परत लावला. दोन ओळी वाजवल्या. परत काढला.
"याले दम नाई लागत का?
मी सास घेतो, तं हा पुढं निंगून जाते."

टिकटिक बंद. समोर बसून
मी मांडीवर ठेका धरला.
ते जिथे थांबले तिथे माझा हात थांबला.

मोरेश्वर कापगतेला दिवसा वेळ नाही,
आणि दिवसा समोर गिरणी.
रात्री दीडला आला, ढोलकी पोटाशी धरून,
तापलेलं लेकरू दवाखान्यात न्यावं तसा.
हेडफोन लावल्यावर माणूस ओरडूनच बोलतो.
"मी आयकू येतो का?"
अख्ख्या टोलीला आला. कुत्री उठली.
ती आहेत तिसऱ्या पट्टीत, समेच्या जरा आधी.
मी म्हटलं, काका मध्येच थांबतात, सांभाळ.
"म्हातारा कुठं थांबते ते मले पाठ हाये.
पन हे थपथप कोन करते?"
माझी मांडी.
"राहू दे. बरी वाजते."

चौथी उरली होती: क्लॅरिओनेटला क्लॅरिओनेटचं उत्तर.
मध्ये कवळी मोडली, साकोलीला गेली, पाच दिवसांनी आली.
सहाव्या दिवशी ट्रॅक्टर.
कट्टे गेले आणि खोलीला वाचा फुटली.
चमचा पडला तर तीनदा पडायला लागला.

काका आले, स्वतःलाच ऐकत बसले.
उत्तराची जागा आली. गेली.
वाजवा ना काका.
"तो वाजवते ना अजून. मधात कसा घुसू?"
तीनदा त्यांनी स्वतःला वाट दिली.
चौथ्यांदा घुसले.

रात्री चारही पट्ट्या एकाखाली एक लावल्या.
एक फागोजी कानाशी, पोत्यांच्या आडोशाला.
दुसरे नाल्यापलीकडून बोलल्यासारखे.
सॉफ्टवेअरमध्ये घुमण्याची यादी आहे:
सभागृह, चर्च, बोगदा, न्हाणीघर.
धान गेलेली खोली त्यात नाही.
दोघांना एका जागी आणायला पहाट केली,
मग आणलंच नाही.

काकांना ऐकवलं. त्यांनी पडद्याजवळ नाक नेलं.
"यातला मी कोनता?"
हा. आणि हाही.
बराच वेळ पाहत राहिले.
"या दोघाईले थोडं मागं सरकव बाई,
मोरेश्वर दिसत नाई."