कोल्हेकुईची नोंद

वडसरच्या पुलाखाली, थांबा क्रमांक सहा.
उत्तरायण होऊन चार दिवस झालेत,
बाभळींवर अजून पतंगांची हाडं.
पहाटेचे पाच बावीस. वारा नाही.
विश्वामित्रीच्या कोतरांत गुडघाभर धुकं,
त्याखाली मगरी असतील, नसतील;
त्या आमच्या अभ्यासाचा विषय नाहीत.

नियम साधा आहे:
भोंगा नदीकडे, तीस सेकंद ध्वनिमुद्रित कुई,
असं तीनदा, मग पाच मिनिटं गप्प बसायचं.
उत्तर आलं तर दिशा, अंतर, किमान किती.
नाही आलं तर शून्य.
शून्यही लिहायचं असतं,
हे मला पहिल्या वर्षी कोणी सांगितलं नव्हतं.

फणसेकाका टॉर्च धरतात.
तीस वर्षं प्राणिशास्त्राच्या संग्रहातल्या बरण्या पुसल्या,
ते निवृत्त झाले, अंगाचा फॉर्मॅलिनचा वास अजून नोकरीत आहे.
मी म्हणते सोनेरी कोल्हा,
ते म्हणतात शियाळ. बडोद्याचा माणूस,
घरात मराठी, रानात गुजराती.
"आणि खोकड वेगळं बरं का.
पुस्तकवाले दोघांनाही कोल्हाच करतात,
द्राक्षं नेमकी कोणाला आंबट लागली
तेही धड ठरलेलं नाही."

माझ्या कपाटात विष्ठेचे दोनशे अकरा नमुने,
कागदी पिशव्यांत, तारखेसकट.
चाळणीत धुतले की कोल्ह्याला लबाडी जमत नाही:
उंदराचा जबडा, मेल्या नीलगाईचे केस,
वेफर्सच्या पाकिटाचा चंदेरी कोपरा,
परवाच्यात वीतभर गुलाबी मांजा.
आणि नमुना एकेचाळीस, भाद्रपदातला:
एकशे सात बिया.
तासभर भिंगाखाली घोळवल्या. काकडी.
रूपसंग पढियारांच्या वाडीतली; त्यांनी
मुकाट्यानं नेऊन कुरतडलेले वेल दाखवले.
प्रयोगशाळेत मी एकटीच हसत सुटले.
कोल्हा काकडीला राजी:
चाळणीशिवाय, भिंगाशिवाय
कुणीतरी हे पाहून ठेवलं होतं.
सर म्हणाले, म्हणीला संदर्भ कसा देणार? वाक्य काढ.
काढलं.

बोरांचं सांगायचं राहिलं.
कोल्ह्याच्या पोटातून आलेल्या बिया एका ओळीत लावल्या,
झाडावरून तोडलेल्या दुसऱ्या ओळीत.
पोटातल्या आधी उगवल्या.
फार काही सिद्ध होत नाही, कुंड्या अठराच होत्या.
पण या काठावर इतक्या बोरी लावल्या कोणी,
हे मी आता महापालिकेला विचारणार नाही.

पाच अठ्ठावीस. भोंगा दोनदा वाजला,
तिसऱ्यांदा बॅटरी मेली.
पलीकडच्या सोसायटीतली कुत्री तेवढी बोलली.
एक गॅलरी उजळली, विझली.
मी शून्य लिहायला पेन उघडलं.

तेवढ्यात काकांनी टॉर्च माझ्या हातात दिला,
कवळी काढून रुमालात गुंडाळली,
तोंडापुढे हातांचा द्रोण केला
आणि छातीतून जे काढलं
ते मराठी नव्हतं, गुजरातीही नव्हतं.
आपण कोल्हेकुई म्हणतो
ते विरोधकांच्या भाषणाला, शेजारच्या भांडणाला.
हे तसलं काही नव्हतं.

आधी काहीच नाही.
मग नदीपलीकडून एक बारीक दोर,
त्यात दुसरा अडकला, पेच लागला,
आणि ढील देत देत खालच्या अंगानं तिसरा.
दिशा आग्नेय. अंतर चारशे मीटर. किमान तीन.
माझ्या मानेवरचे केस उभे राहिले,
त्याला तक्त्यात जागा नाही.

'आवाजाचा स्रोत' या रकान्यात पर्याय दोनच:
यंत्र. नैसर्गिक.
मी काकांकडे पाहिलं. ते खोकत होते.
मी दोन्हीवर काट मारली
आणि समासात लिहिलं: फणसे.

परतताना, जीपचं दार उघडता उघडता,
कोतरातून पुन्हा आवाज आला.
या वेळी विचारणारे ते होते.
काकांनी कवळी बसवली होती,
बॅटरी मेलेली, मला तर जमतच नाही.
आम्ही उभे राहिलो. पाच मिनिटं असतील.
तिकडे कुणीतरी
शून्य लिहिलं असेल.