उणे शून्य

तक्रार क्रमांक चार हजार एकशे अठरा.
पाठवणारी बेर्गतोरा, फेरो बेटांवरच्या एका धक्क्यावर
फेरीबोटींना वारा सांगते.
लिहिलं होतं :
वारा नेमका पश्चिमेचा असला
की तुमची भाषा कधी कधी तो पूर्वेचा सांगते.
बाकी सगळं छान आहे. धन्यवाद.

तार्तूत त्या दिवशी उणे एकोणीस.
एमायगी नदीवर बर्फ इतका जाड
की कुत्री पुलाचा नाद सोडून सरळ चालत पलीकडे.
हेल्यो म्हणाली, तिचंच काहीतरी चुकलं असेल.
आधी आम्ही सगळे हेच म्हणतो.
कंपायलर चुकत नाही, स्वतःचं बघ,
असं नवशिक्यांना आम्हीच शिकवतो,
आणि दहातल्या नऊ वेळा ते खरंही असतं.

दहावी वेळ बघायला मी थांबले.

तिचा प्रोग्रॅम तीन हजार ओळींचा.
पाखडत गेले.
बोटींची नावं उडाली, भरती-ओहोटी उडाली,
पडद्यावरचे रंग, प्रवाशांसाठी केलेल्या सूचना,
शेवटी वारासुद्धा उडाला.
सुपात राहिल्या चार ओळी :
शून्यातून शून्य वजा करा, आणि दाखवा.

दाखवलं. उणे शून्य.

शाळेत हा आकडा नसतो.
यंत्रात असतो; तिथे शून्याला दोन बाजू,
खालून वर येऊन थांबलेलं
आणि वरून खाली उतरून थांबलेलं.
शेजारी बसवून विचारा, तुम्ही सारखेच ना?
दोघंही हो म्हणतात.
दिशा विचारली
की एक एकशे ऐंशी म्हणतं, दुसरं उणे एकशे ऐंशी.
खरं तर दोघांचं बोट पश्चिमेकडेच,
पण बेर्गतोराकडे दोन पंखे, दोघांची सरासरी,
आणि सरासरी आली शून्य. म्हणजे पूर्व.

मग जुने बदल चाळणं.
दोन हजार होते. मधोमध कापायचं,
बांधायचं, चालवायचं, चूक आहे का नाही,
जिथे आहे तो अर्धा ठेवायचा.
एका बांधणीला चाळीस मिनिटं.
अकरा वेळा.
सहाव्या वेळी काळा पाव संपला,
नवव्या वेळी मी खिडकीत बसून
अक्षरशः शून्यात बघत होते.

ओळ सापडली तेव्हा उजाडायला अजून दोन तास होते.
अकरा वर्षांपूर्वीची. तावेतची.
वर त्याची टीप :
शून्यातून वजा करणं म्हणजे नुसतं चिन्ह बदलणं.
एक पायरी वाचते.

तावेत आता सारेमा बेटावर
दगडी कुंपणं रचतो, चुन्याशिवाय.
साडेसातला फोन केला.
उणंदुणं काढायला नव्हे, म्हटलं, नुसतं सांगायला.
बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, त्या दिवशी मी क्रिंगेल आणला होता.
वेलदोड्याचा, मी म्हणाले. मी दोन तुकडे खाल्ले होते.
इतका आनंद झाला होता गं एका पायरीचा, तो म्हणाला,
आणि लगेच :
बोट कुठे आपटली नाही ना?

नाही आपटली.

एक ओळ काढली, तीन घातल्या.
चाचणीला नाव दिलं बेर्गतोरा;
ती आता रोज रात्री उठून
एका शून्याला विचारते, कुठल्या बाजूने आलास?
नवी आवृत्ती गेली,
आणि ही भाषा जिथे जिथे चालते तिथे तिथे
प्रत्येक गणित केसभर सावकाश झालं.

आठवड्यात दोन तक्रारी.
एक जरा चढ्या आवाजात :
वेग का कमी झाला? कारण कळेल का?

मी उत्तर लिहायला घेतलं, तीन परिच्छेद झाले,
तेवढ्यात हेल्योने
एका ओळीत पाठवूनही दिलं :

वारा पश्चिमेचा आहे.