नंबर जुळत नाही

सोलिंगेनचं पातं, मुठीला गरुडाचं डोकं,
म्यानावर चौऱ्याहत्तर, पात्यावर एकतीस.
नंबर जुळत नाही म्हणून
टिपणीसकाकांना स्वस्तात पडली.

नेरूळची खारी हवा लोखंड चाखते.
दर रविवारी ते शिलाई मशीनचं तेल लावतात,
तान्ह्याला लावावं तसं, सांधे धरून.

परवान्याच्या चौकशीला आलेला हवालदार
बराच वेळ बघत राहिला.
"पोलिसाचीच?"
"हो. तिकडच्या. शंभर वर्षं झाली."
त्यानं अंगठा फिरवला. बोथट.
"धार कधी लावलीच नव्हती,
नुसती परेडला."

हवालदारानं पट्टा सैल केला.
"त्यालाही रात्रपाळी असेल ना हो?"
काकांच्या वहीत तेवढं नव्हतं.

मग पाणी मागितलं त्यानं,
आणि अर्जाच्या कोऱ्या रकान्यात
तेलाचा अंगठा उमटला.