दोन आणे उजवीकडे

तळघरात उतरायला बावीस पायऱ्या.
भिंती खडूच्या दगडाच्या, बोट लावलं की बोट पांढरं,
आणि बारा महिने एकच गारवा;
वर शॅम्पेनच्या टेकड्यांवर ऑगस्ट आहे की जानेवारी,
त्याला पत्ताही नसे.

शहाण्णव सालची वाइन तिथे आठ वर्षं आडवी होती,
आपल्याच यीस्टच्या गाळावर.
झोपलीय, असं मी म्हणायचे.
आई म्हणायची, झोपतंय कोण?
खातेय ती, स्वतःलाच, जरा जरा.
त्या साली द्राक्षं एकाच वेळी आंबट आणि गोड,
दोन्ही टोकांना हटून बसलेली,
आमच्या घरासारखी.

मग दोन हजार चारचा ऑक्टोबर.
बाटल्या लाकडी फळ्यांच्या भोकांत मानेनं खोचल्या,
अकराशे चाळीस,
प्रत्येकीच्या बुडावर चुन्याचा एक फराटा.
रोज दोन आणे वळवायची, उजवीकडे,
जराशी उभी करायची,
की गाळ घसरत घसरत झाकणाशी येतो.
सहा आठवडे लागतात.
धसमुसळेपणा केला तर सगळं पुन्हा ढवळतं.

त्याच आठवड्यात आई आणि एव्रारमामा बोलेनासे झाले.
बेर्लोतचा उतार कंपनीला विकायचा, मामा म्हणाला.
मग मलाही वजनावर विक, आई म्हणाली.
पुढे टेबलावर सूप निवायचं
आणि मी मध्ये बसायचे.
"तुझ्या मामाला सांग, मीठ दे."
"तुझ्या आईला सांग, तिच्या कोपराशीच आहे."
बारा वर्षांची, बिनपगारी पोस्टमन.

बाटल्यांबद्दल मात्र एकही निरोप नाही.

बटाटे आणायला खाली गेले, म्हणून कळलं.
पहाटे पाचला आई, कपाळावर दिवा,
दोन्ही हात एकदम: टक् टक्, टक् टक्,
जशी घाईघाईत पेटी वाजवावी.
आणि रात्री जेवणानंतर मामा,
दिवा न लावताच,
तोच आवाज, जरा जड.

मी कुणालाच सांगितलं नाही.
वाटलं, एवढं एक गुपित तरी माझं असू दे.

गाळ तीन आठवड्यांत उतरला.
शेजारचे म्हातारे फुल्क्रां येऊन बाटली उजेडाला धरून म्हणाले,
असं मी आयुष्यात पाहिलं नाही.
आईनं खिडकीबाहेर पाहिलं.
मामानं बूट.

गाळ उडवायला दोन माणसं लागतात.
एकानं झाकण काढायचं, दुसऱ्यानं ताबडतोब भरून बूच मारायचं.
दिवसभर ते समोरासमोर, न बोलता,
अंगावर फेस, मिशीत फेस,
हातातून हातात बाटली,
एकही निसटली नाही.

उतार विकला गेलाच.
सही करून आल्यावर आईनं मामाचा कोट ब्रशनं झाडला
आणि खुंटीला न लावता खुर्चीवर फेकला.

मामा आता कंपनीकडून रोजानं छाटणी करतो,
त्याच उतारावर, त्याच वेली.
मुकादम पोरसवदा आहे, त्याला कात्री कशी धरायची ते शिकवतो.
विचारलं तर म्हणतो, पाठीला व्यायाम.

मी तिशीत पहिल्यांदा स्वतः बाटल्या वळवल्या.
तिसऱ्याच दिवशी हात थांबले.
चुन्याचा फराटा.
आदल्या रात्री जिथे सोडला, बरोबर तिथेच होता.
तो तर तिथेच असतो.
आणि त्यांचा रोज दोन आणे पुढे असायचा, पहाटे आईला,
रात्री मामाला,
दोघांच्या ऐन डोळ्यांपुढे, अकराशे चाळीस वेळा.

काल त्यातली शेवटून दुसरी उघडली.
भाजलेला अक्रोड, माळ्यावर विसरलेलं सफरचंद,
आणि जिभेच्या कडेला ओला खडू.
बुडबुडे बारीक, सावकाश,
कुणाला काही सांगायचं नसल्यासारखे.

आई म्हणाली, "तुझ्या मामाला विचार, अजून हवी का."
मामा शेजारीच बसला होता.
त्यानं ग्लास पुढे केला.