सतरा नंबरच्या चिठ्ठ्या

पानांचं मला विचारू नका.
लोक दक्षिणेकडून मोटारी भरभरून येतात लाल मेपल बघायला.
आम्ही त्या दिवसांत खाली बघायचो.
मेनच्या या वरच्या टोकाला
पानगळ म्हणजे बटाटे.
तीन आठवडे शाळेला कुलूप,
आणि सेंट जॉन नदीकाठच्या एकूण एक पोराच्या हातात
अ‍ॅशच्या पट्ट्यांची टोपली.

वहीत एवढं उतरलं आणि पेन अडलं.
आई बटाट्याला पताट म्हणायची.
शाळेत तो शब्द तोंडून निसटला तर
शंभर वेळा लिहावं लागे:
मी फ्रेंच बोलणार नाही.
माझं अक्षर वळणदार आहे ते त्यामुळं.
आता तिच्याबद्दल लिहिते आहे
त्याच अक्षरात,
त्याच इंग्रजीत.

परवा तिचा लोकरी कोट चर्चच्या पेटीत टाकायला काढला.
खिशात चिठ्ठ्यांची गड्डी, प्रत्येकीवर सतरा.
रबर हात लावताच तुटलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहून ठेवते:
पिंप भरलं की त्यावर आपली चिठ्ठी खोचायची.
संध्याकाळी मालक चिठ्ठ्या मोजायचा,
पिंपामागे पंचवीस सेंट.
आई सतरा, रोसेअर अठरा, मी एकोणीस.
बाबा ट्रकवर पिंपं चढवायचे,
त्यांना नंबर नव्हता.

पहाटे ढेकळांवर पांढरं साचलेलं असे.
पहिला तासभर बोटं आपली नसत.
दुपारी बकव्हीटची पिवळी धिरडी, आत काकवी,
खाताना दातांत माती करकरायची,
तिलाही चव होती.
आणि काळ्या पडलेल्या पाल्याचा तो वास.
त्याला शब्द मिळेना.
अर्धी ओळ कोरी सोडली आहे.

मग अठ्ठावन्न साल.
आई तीन दिवस शेतावर आली नाही.
चौथ्या दिवशी आली, बाबांचं जाकीट घालून,
वाकताना एक हात पोटाशी.
मॅटील्ड मावशीनं सांगितलं, पाय मुरगळलाय.
मी दहा वर्षांची.
दिवसभर तिचे पायच बघत राहिले.

शेवटच्या शनिवारी मालकानं नंबर पुकारून पैसे दिले
तेव्हा सतराचा एकही दिवस कोरा नव्हता.
हे मला पक्कं आठवतं,
कारण आईनं ते पुन्हा वाचायला लावलं होतं.

तीन दिवस तिची चिठ्ठी कोण खोचत होतं?

रोसेअरला फोन केला, कनेक्टिकटला.
त्याला गुडघ्यांखेरीज काही आठवत नाही,
असं मी धरून चालले होते.
'तूच की,' तो म्हणाला.
'स्वतःच्या पिंपांवर सतरा लावत होतीस.
मला वाटलं, हिला आकडे कळत नाहीत.'
हसला.
मग हसायचा थांबला.
'आई कुठे होती गं तेव्हा?'

मी म्हटलं, पाय मुरगळला होता.
बराच वेळ तो काही बोलला नाही.
मागे त्याच्या घरात कुणीतरी भांडी लावत होतं.

मला यातलं काही आठवत नाही.
ढेकळं आठवतात, काकवी आठवते,
पण चिठ्ठी बदलणारा हात आठवत नाही.
मग वाक्याची सुरुवात 'मी'नं करायची कशी?
'रोसेअर म्हणतो' असं लिहिलं,
खोडलं,
पुन्हा लिहिलं.

कोट पेटीत टाकला नाही. खुर्चीच्या पाठीवर आहे.
चिठ्ठ्या मोजल्या. चौतीस.
या उरलेल्या.
खोचल्या गेल्या त्या सांगत नाहीत.

आईनं मला कधी एका शब्दानं विचारलं नाही.
पण त्या हिवाळ्यात बूट आले
तेव्हा माझ्या बुटांना आतून मेंढीची लोकर होती.
रोसेअरच्या नव्हती.
तो रडला होता,
आणि आईनं त्याला इंग्रजीत गप्प केलं होतं,
जे ती कधीच करत नसे.

हे आत्ता,
लिहिता लिहिता.