सातवा फोटो

घराचे फोटो काढायचे म्हणजे
आधी घराला थोडं खोटं शिकवायचं.
दिवे सगळे लावायचे, भर दुपारीसुद्धा.
कॅमेरा कमरेइतका खाली, म्हणजे खोली वाढते.
पलंगावर पांढरी चादर. ती माझीच, डिकीत असते.
मांद्र्यापासून हणजुण्यापर्यंत
कितीतरी पलंगांवर एकच चादर अंथरलीय मी.

ओल आलेली भिंत चौकटीबाहेर.
शेजारच्या शॅकचा स्पीकर चौकटीबाहेर.
विहिरीचा तळ मे महिन्यात दिसतो,
पण फोटो डिसेंबरात काढले, त्याला मी काय करू?

एस्पेरान्साबाईंचं घर तीन वर्षांपूर्वी केलं.
भाचा कुवेतहून म्हणाला होता, भाड्याने देऊ.
बारा फोटो, दोन हजार रुपये, वर डबाभर दोदोल.
मग भाच्याचा विचार बदलला.
फोटो मात्र तोवर घराबाहेर पडले होते.

परवा सकाळी बाईंचा फोन:
बेगीन यो रे, हांगा एक बायल येवन बसल्या.

पायरीवर मारेत. टाल्लिनहून आलेली.
सहा वर्षांचा मुलगा, दोन सुटकेसी,
आणि घडी घातलेला भाडेकरार,
त्यावर घरमालक म्हणून कुणी रॉनी सर.
प्रोफाइलला सूर्यास्त. पाच तारे.
अठ्ठ्याऐंशी हजार गेले होते, अनामत धरून,
आणि नंबर आता सेवेत नव्हता.

बाई तिला पाणी देत होत्या
आणि ती फोटो बघे, मग घर, मग फोटो, मग घर.
चूक कुठेच नव्हती.
हाच बाल्कांव, हीच शिंपल्यांची खिडकी,
कौलावरचा मातीचा कोंबडासुद्धा शेपटी तुटलेला.
घर खरं होतं. फक्त भाड्याने नव्हतं.

मी म्हटलं, तुम्हाला फसवलंय.
म्हटलं, हल्ली फार चालतं असं.
म्हटलं, मी इथे नुसता...
तेवढ्यात तिने सातवा फोटो दोन बोटांनी ताणला.
झोपायची खोली. कपाट. कपाटाचा आरसा.
आरशाच्या कोपऱ्यात, करंगळीच्या नखाएवढा,
निळ्या चौकड्यांच्या शर्टातला माणूस,
एक डोळा मिटलेला.

तिने वर पाहिलं.
सांगायची लाज वाटते, अंगात शर्ट तोच होता.

एकशे चाळीस घरं केली मी.
एकाही फोटोखाली नाव घातलं नाही,
कुणी मागितलंही नाही.
जाहिरातीत सगळं असतं, वायफाय, पार्किंग, समुद्र सात मिनिटं,
म्हणजे स्कूटरवर, आणि रस्ता माहीत असेल तर.
नसतो तो फक्त एखादा माणूस
ज्याच्या दारात जाऊन उभं राहता येईल.
तिला तो सापडला होता.
चुकीचा असेल, पण सापडला होता.

पेडण्याच्या ठाण्यात हवालदार म्हणाला,
तुमचा यात संबंध काय?
फोटो माझे आहेत.
म्हणजे चोरी तुमची झाली?
हो म्हणता आलं असतं. खोटंही ठरलं नसतं.
मी म्हटलं, साक्षीदार लिहा.
त्याने लिहिलं. मग मोबाइल नंबर मागितला, चालू असलेला,
आणि समोर बसूनच लावून पाहिला.
माझ्या खिशात वाजला.
बाकावरचा मुलगा तेवढ्यावर हसला,
दिवसभरात पहिल्यांदा.

रॉनी सर अजून मिळालेला नाही.
मिळेल असं हवालदारालाही वाटत नाही.

रात्री बाईंनी तीच खोली उघडून दिली, आठ दिवसांपुरती.
भाड्याचं? पळोवया, म्हणाल्या.
भिंतीला ओल होती, फोटोत नव्हती तेवढी.
गादी उघडी होती. मी डिकीतून चादर आणली.
मुलगा बुटांसकट तिच्यावर आडवा झाला
आणि झोपलाच, वाळूसकट, बिस्किटाच्या चुऱ्यासकट.
इतक्या वर्षांत तिच्यावर कुणी झोपलं नव्हतं.

बाई दारात उभ्या.
म्हणाल्या, आनी आतां ही धुवन कोण दितलो?